वाई ते पोलादपूर: सामान लादून सह्याद्री ओलांडण्याचा एक दिवस

पुण्याहून सायकलने कोकणात किंवा पुढे गोव्याला जायचं म्हटलं की सह्याद्री कुठेतरी ओलांडावाच लागतो. ताम्हिणी, वरंध, कुंभार्ली, आंबा असे घाट पुष्कळ आहेत. पण पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्यांमध्ये, सामान भरून पहिल्यांदाच घाट ओलांडणाऱ्याला मी वाई-पाचगणी-महाबळेश्वर-पोलादपूर हाच रस्ता सुचवतो. वाई ते पाचगणी हा पसरणी घाटाचा चढ बऱ्यापैकी एकसारखा आहे. वर पोचल्यावर दोन मोठी गावं लागतात, त्यामुळे पाणी, जेवण, दवाखाना, मुक्काम कशाचीच अडचण होत नाही. आणि शेवटी महाबळेश्वर ते पोलादपूर हा आंबेनळी घाटाचा लांबलचक उतार आहे, ज्याच्यासाठी हा सगळा लेख.

अंतर साधारण ७० किलोमीटर. वाई ७२० मीटरच्या आसपास उंचीवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या जवळपास आणि पोलादपूर शंभर मीटरच्या आत. वाटेतले बारीकसारीक चढउतार धरले तर दिवसभरात आठेकशे मीटर चढायचं आणि बाराशेहून जास्त मीटर उतरायचं. बहुतेक जण तयारी करतात ती चढाची. माझं सांगणं असं की या दिवसाचं नियोजन उतारापासून मागे मोजत करा. चढावर दमलात तर कडेला थांबता येतं, पाणी पिता येतं, वेळ पडली तर सायकल ढकलत नेता येते. उतारावर दमलेली बोटं ब्रेक अर्धा क्षण उशिरा दाबतात आणि तेवढा उशीर वळणावर महागात पडतो. म्हणून दुपारी बाराच्या सुमारास महाबळेश्वर सोडायचं, तेही पोटात अन्न, हातात जोर आणि ब्रेक तपासलेले असताना. पहाटे किती वाजता निघायचं, चढावर किती वेगाने जायचं, कुठे खायचं, हे सगळं त्यावरून ठरतं.

कधी जायचं

ऑक्टोबर संपता संपता ते फेब्रुवारी. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्ये. त्या दिवसांत आंबेनळीत दरडी येतात, धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, वळणांवर शेवाळ धरतं. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत या घाटरस्त्याचे काही भाग खचले आणि वाहतूक बंद ठेवावी लागली होती. पावसाळी घाटाचं रूप मलाही प्रिय आहे, पण ते पाहायला एसटीने जावं.

वार मंगळवार ते गुरुवारमधला निवडा. शनिवार-रविवार, नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. त्या दिवसांत पाचगणी ते वेण्णा लेक रस्ता गाड्यांनी तुंबलेला असतो आणि उतारावर भेटणारे चालक बहुतेक घाटाला नवखे असतात. घाटातली एसटी परवडली, पहिल्यांदा घाट बघणारी भाड्याची गाडी नको.

सायकल: आधी गिअर, मग ब्रेक, मग टायर

सायकल कुठली, यापेक्षा तिचा सगळ्यात हलका गिअर कुठला हे बघा. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात, हे उत्तर एक किंवा त्याहून कमी यायला हवं. पुढे ३४ आणि मागे ३४ असतील, तर मिनिटाला ६० पॅडल मारून ताशी साडेसात किलोमीटर वेग पडतो. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर त्याच लयीत सव्वानऊ, म्हणजे सामानासह चढावर लय मोडणार आणि गुडघ्यावर भार येणार. अशा वेळी निघण्याआधी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलून घ्या. मात्र तुमचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, तेवढं मोठं चक्र पेलतो का, हे दुकानात विचारूनच.

वेगाचा हिशोब एकदा समजून घेतला की चढावर घाई होत नाही. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. पसरणी घाटाचा चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दर शंभर मीटरला पाच मीटर उंची. ताशी साडेसातच्या वेगाने तो चढायला साधारण ११५ वॉट लागतात. ताशी दहाने चढलात तर १५० च्या वर. पहिलं काम सराव असलेला माणूस गप्पा मारत करतो, दुसऱ्यात धाप लागते. आणि या घाईने सगळ्या चढात मिळून वाचतात जेमतेम वीस-बावीस मिनिटं, तीही पुढे पाचगणीत बसून दम खाण्यात जातात.

ब्रेक रिमचे (चाकाच्या कडेला घासणारे) असोत की डिस्कचे (चाकाच्या मध्यावरच्या चकतीला घासणारे), निघण्याच्या आधी शू किंवा पॅड डोळ्यांनी बघा. रिमब्रेकच्या शूवर आडव्या खाचा असतात. त्या बुजत आल्या असतील तर शू बदला. शूच्या रबरात ॲल्युमिनियमचे चमकते कण रुतलेले दिसले तर सुईने किंवा टोकदार पात्याने काढून टाका, ते रिम खरवडतात. डिस्कच्या पॅडवर मसाला एक मिलिमीटरच्या आसपास उरला असेल तर या दिवसासाठी नवे घाला. पण नवे पॅड आदल्या रात्री घालून सकाळी घाटात नेऊ नका. मोकळ्या रस्त्यावर ताशी वीसपर्यंत वेग घेऊन जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक लावायचा, असं वीसेक वेळा केलं की ते नीट पकडू लागतात.

टायर ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत. दोन जादा ट्यूब सोबत हव्यातच, कारण ७०० सी, म्हणजे अशा सायकलींच्या मोठ्या चाकांच्या, मापाची ट्यूब वाटेतल्या गावांत मिळेलच असं नाही. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा असेल, तर पितळेचा छोटा अडॅप्टर घ्या. पंक्चरवाल्याकडचं नळकांडं मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं, अडॅप्टर नसला तर तो माणूस इच्छा असूनही हवा भरून देऊ शकत नाही. त्याखेरीज पंप, पॅच आणि सोल्यूशन, टायर लिव्हर, मल्टीटूल, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, एक ब्रेक केबल, एक गिअर केबल आणि तुमच्या फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर. हँगर हा मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा बोटभर लांबीचा धातूचा तुकडा असतो, सायकल आडवी पडली की पहिल्यांदा तोच वाकतो, आणि तो प्रत्येक फ्रेमला वेगळा लागतो.

सामान दहा-बारा किलोंच्या आत ठेवा. जड वस्तू पॅनिअरच्या तळाशी आणि सायकलच्या जवळच्या बाजूला. दोन्ही बाजूंचं वजन हाताने उचलून सारखं करा. सगळं भरल्यावर सॅडल धरून सायकल जोरात हलवा. कॅरिअर खडखडला, पॅनिअर लचकला, तर ते आत्ताच आवळा. आंबेनळीत ताशी तीसच्या वेगाने तेच लचकणं हँडलपर्यंत पोचतं.

आदली संध्याकाळ

वाईला मुक्काम करा. पुणे ते वाई हाच साधारण ८५-९० किलोमीटरचा दिवस आहे आणि त्यात खंबाटकी घाट येतो, त्यामुळे तेवढ्यात थांबणं शहाणपणाचं. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जरूर बसा, पण रात्रीचं जेवण आठच्या आत उरका. भात किंवा भाकरी नेहमीपेक्षा थोडी जास्त, तिखट-तेलकट कमी. ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, आंबेनळीच्या पोटात मोबाइलची रेंज जाते. घरच्या कुणाला तरी सांगून ठेवा की पोलादपूरला अमुक वाजेपर्यंत फोन येईल, आणि ती वेळ तुमच्या अंदाजापेक्षा दोन तास पुढची द्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक लक्षात असू द्या. कागदावर स्वतःचं नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहून हँडलबॅगेत ठेवा. कुलूपबंद फोनचा अशा वेळी दुसऱ्याला उपयोग नसतो.

पसरणी घाट

उजाडता उजाडता निघा, पुढचा आणि मागचा दिवा लावून. मागचा लाल दिवा दिवसभर लुकलुकता राहू दे, घाटात झाडांच्या सावलीतून उन्हात येणाऱ्या चालकाला आधी तोच दिसतो. निघताना पोटात दोन केळी आणि चहा पुरे. भरपेट नाश्ता पाचगणीत.

वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, त्यातला बहुतेक सगळा चढ. गाव संपल्यावरची पहिली दहा मिनिटं मुद्दाम फार हलक्या गिअरमध्ये जा. पाय ताजे असतात, गार हवा असते आणि हात आपोआप जड गिअरकडे जातो. त्याला आवरा. चढावर गिअर बदलायचा तो जोर लागायच्या आधी. वळण डोळ्यांपुढे उभं राहिलं की अर्धा फेरा पॅडल हलकं सोडा, गिअर पाडा, मग जोर लावा. जोर असताना पाडलात तर चेन कडकड वाजते आणि सामान असलेल्या सायकलवर कधी तुटतेही.

सॅडलवर बसूनच चढा. पॅनिअर असताना उभं राहून पॅडल मारलं की सायकल डावी-उजवीकडे झुलते आणि मागून येणाऱ्या गाडीला तुमचा अंदाज येत नाही. पाठ आखडली तर दहा-बारा फेरे उभं राहा, मागे बघून. वळणाच्या आतल्या कडेला चढ सगळ्यात तीव्र असतो. रस्ता मोकळा असेल तर डाव्या वळणावर कडेपासून हात-दीड हात बाहेरून जा, तेवढ्यानेही पाय वाचतात. मागून गाडीचा आवाज आला की सरळ रेषेत राहा. घाबरून एकदम कडेला जाऊ नका, डांबराची कड तुटलेली असते.

वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान असो वा नसो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर हा अंदाज थंडीतही धरा. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू, मीठ, साखर. तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत. एका केळ्यातून २५ ग्रॅमच्या आसपास मिळतात, बाकीचं राजगिऱ्याच्या लाडवातून, चिक्कीतून, खजुरातून भागवा. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला समजा. त्या भुकेची किंमत दोन तासांनी उतारावर मोजावी लागते, कारण रिकाम्या पोटी पहिलं जातं ते लक्ष.

दीड तासात, फार तर पावणेदोन तासांत, पाचगणी. मध्ये एकदाच थांबा, वाईचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं अशा मोकळ्या जागी, सायकल पूर्ण रस्त्याबाहेर घेऊन.

पाचगणी ते महाबळेश्वर

हा तुकडा १९-२० किलोमीटरचा. पठारावरचा सोपा रस्ता समजून लोक इथे पाय संपवतात. तो सपाट नाही. गुरेघर, अवकाळी करत रस्ता सतत वर-खाली होतो आणि महाबळेश्वरच्या अलीकडे वेण्णा तलाव सोडल्यावर बाजारापर्यंत पुन्हा चढ लागतो. म्हणून पाचगणीत अर्धा तास नीट बसा. पोहे, उपमा, ऑम्लेट-पाव काहीही चालेल, मिसळ आज नको. टेबललँड बघायची असेल तर त्यासाठी वेगळा दिवस काढा. भिलारला, पुस्तकांच्या गावाला, जायचा फाटाही याच भागात आहे. मोह होईल, पण आज घड्याळ आंबेनळीच्या मालकीचं आहे.

डिसेंबर ते मार्च रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी मिळते. खा, पण ती तोंडाला चव म्हणून. तिच्यात पाणीच जास्त, चढायला लागणारी शक्ती तिच्यातून येत नाही.

महाबळेश्वर: उताराच्या आधीचा तास

साडेदहा-अकराला बाजारात पोचलात तर वेळेत आहात. एक वाजून गेला असेल, पाय थरथरत असतील किंवा डोकं दुखत असेल, तर इथेच खोली घ्या आणि उतार उद्या सकाळी करा. हा निर्णय करायला ही शेवटची सोयीची जागा.

जेवण हलकं. वरणभात किंवा पिठलं-भाकरी, वर ताक. जेवून लगेच सुटू नका. सायकल सावलीत उभी करा आणि हे क्रमाने बघा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल मागे-पुढे हलवा. हँडलच्या नळीत टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे, आवळून घ्या. दोन्ही चाकांचे क्विक रिलीज (चाक आवळणारी हाताची कळ) किंवा नट तपासा. ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबला तर हँडलपासून दोन बोटं अंतर राहायला हवं. केबलच्या डिस्कब्रेकला चाकाच्या बाजूला पॅड जवळ आणायचा लहान स्क्रू किंवा चक्री असते, ती कशी फिरते ते घरीच शिकून घ्या. लांब उतारावर पॅड झिजतात आणि लिव्हर हँडलला टेकू लागतो, तेव्हा ती दोन खाचा फिरवली की पकड परत येते. टायर हाताने दाबून बघा, पॅनिअरचे पट्टे ओढून बघा, लोंबणारं टोक स्पोकपर्यंत पोचत नाही ना ते बघा.

विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लव्हज इथेच घाला. चढावर भिजलेला टीशर्ट उतारावर वाऱ्याने गार पडतो आणि गारठलेली बोटं नीट दाबत नाहीत. शक्य असेल तर टीशर्टच बदला.

आंबेनळी

महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीसेक किलोमीटर. शंभर किलो वजन बाराशे मीटर खाली उतरतं तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यातली निम्मी वाऱ्यात गेली तरी उरलेल्या निम्मीत दोन लिटर पाणी उकळेल. ही सगळी उष्णता ब्रेकमधून बाहेर पडायची आहे. ब्रेक सतत हलके दाबून ठेवले तर तिला निघायला उसंत मिळत नाही. रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते, आणि डिस्कचे पॅड काचेसारखे गुळगुळीत होऊन पकडेनासे होतात. म्हणून ब्रेक टप्प्याटप्प्याने लावा. सरळ रस्त्यावर वेग ताशी तीसपर्यंत जाऊ द्या, वळणाच्या चांगलं आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून पंधरावर आणा, मग सोडा आणि वळण ब्रेकशिवाय घ्या. दोन दाबांच्या मधल्या मोकळ्या सेकंदांत रिमला वारा लागतो.

थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो. त्याला घाबरून फक्त मागचा वापरणारे बरेच भेटतात आणि त्यांचंच मागचं चाक घसरतं. दाबताना शरीर सॅडलवर थोडं मागे सरकवा, कोपर किंचित वाकवा, दोन बोटं लिव्हरवर, बाकीची हँडलवर घट्ट. ओल, वाळू किंवा पानांचा थर दिसला की मात्र पुढचा हलका ठेवा, आणि तिथे वळण असेल तर वेग त्याच्या आधीच मारून घ्या.

वळणावर नजर पुढच्या टायरवर ठेवू नका, जिथे बाहेर पडायचं तिथे ठेवा. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली आणि त्यावर वजन. खोल वळणांवर वर येणारी एसटी सगळा रस्ता घेते, तिला दुसरा इलाजच नसतो. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे. हॉर्न ऐकू आला, की वळणाच्या अलीकडे डाव्या कडेला थांबून तिला जाऊ द्या. आंधळ्या वळणाआधी तुम्हीही घंटी वाजवा किंवा सरळ ओरडा. मागून गाडी रेटत असेल तर रुंद जागी थांबून तिला पुढे काढा. कुणाच्या तरी हॉर्नपुढे पळत उतरणं हा या घाटातला सर्वांत मोठा धोका.

सरळ उतारावर हँडल अचानक थरथरायला लागलं, तर मुठी आवळू नका. दोन्ही गुडघ्यांनी फ्रेमची आडवी नळी घट्ट दाबा, मागचा ब्रेक हळूहळू लावा, थरथर थांबते. थांबून सामान पुन्हा बांधा.

दर पाच-सहा किलोमीटरवर थांबायचं, हे आधीच ठरवून ठेवा. रिमला बोट लावू नका, तळहात जवळ नेला तरी उष्णता कळते. तापली असेल तर पाच मिनिटं थांबा, पाणी ओतू नका. हात झटका, मान फिरवा. वळणांवर माकडं बसलेली असतात, तिथे खाऊची पिशवी उघडू नका.

वाडा-कुंभरोशीपाशी उताराला थोडी उसंत मिळते. चहा-जेवणाची सोय आहे, प्रतापगडाचा फाटाही इथेच. गडावर जायला पुन्हा चांगला चढ आहे. गड नीट बघायचा तर कुंभरोशीत मुक्काम करा, नाहीतर आजच्या दिवसात कोंबू नका. पण पाच मिनिटं डोळे उघडे ठेवून उभं राहा. सकाळी वाईत कृष्णा होती, महाबळेश्वरात वेण्णेचं पाणी, इथलं पाणी कोयनेला जातं आणि पोलादपुरात सावित्री भेटणार. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ज्या पाच नद्या एकत्र सांगतात, त्यांतल्या चार तुम्ही एका दिवसात आपल्या पायांनी जोडता. मोटारीतून जाताना हे कधी जाणवत नाही.

इथून पुढे हवा बदलते. उकाडा वाढतो, विंडचीटर काढावासा वाटतो. थांबून काढा. दाट झाडीतून वळणं येतच राहतात आणि मघापेक्षा माणूस जास्त निर्धास्त झालेला असतो, म्हणून थांबण्याचा नेम इथे अजिबात मोडू नका.

पोलादपूर आणि पुढे

तीन-साडेतीनपर्यंत पोलादपूर, म्हणजे अंधाराला अजून अडीच तास. पोचल्या पोचल्या घरी फोन करा, मग लिंबू सरबत, मग अंघोळ. तासाभरात भात-आमटी किंवा मासळीचं जेवण घ्या, उद्याचे पाय त्यावर चालतात.

झोपण्यापूर्वी ब्रेकचे पॅड पुन्हा बघा आणि केबल ताणून घ्या, चेन फडक्याने पुसून तेलाचे थेंब द्या. महाडला रायगडासाठी वळणार असाल तर उद्याचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाने थोडकाच आहे. तिथून परतायचं असेल तर कोकण रेल्वेचं वीर स्थानक जवळ पडतं, सायकल बुक करायचे नियम स्थानकावर आधी विचारून घ्या. दक्षिणेला खेड-चिपळूणकडे जाणार असाल तर उद्या कशेडी घाट आहे. बोगद्यातून सायकल नेऊ नका. जुना घाटरस्ता कसा आहे, हे आज संध्याकाळीच पोलादपूरच्या स्टँडवर एसटीच्या चालकाला विचारा आणि त्या हिशोबाने सकाळचा गजर लावा.